गाडी तापली

माझा फ्रिज वरच्या खोलीत आला, त्या दिवशी घरमालक काका त्याच्याभोवती एक चक्कर मारून गेले. हातात बांबूची हातभर काठी होती. तिने त्यांनी फ्रिजच्या चारही पायांना एकेक टोला दिला, कान देऊन आवाज ऐकला आणि "चालंल" एवढंच म्हणून खाली उतरले. मी विमा कंपनीच्या नोकरीत बदली होऊन सोलापुरात नवीन आलेली, एकटी, आणि नसलेली काळजी शोधून काढण्यात पटाईत. या घरात आपलं काही खरं नाही, असं मला त्या दिवशी वाटलं.

हळूहळू कळलं की ते प्रत्येक वस्तूला अशीच चक्कर मारतात. जन्मभर एसटी चालवलेली. गाडी सुटण्याआधी फिरून टायर वाजवून बघायचे, ती सवय नोकरी संपली तरी संपली नव्हती. नवा पलंग, गॅसची शेगडी, पुतणीच्या लग्नात दिलेला सोफा, सगळ्यांना काठीचा प्रसाद मिळालेला होता. नवरदेवाभोवतीही त्यांनी एक फेरी मारली होती म्हणे. तेव्हा काठी तेवढी मी काढून घेतली, असं काकू सांगायच्या.

कुठे जायचं असलं की ते वेळेआधी तयार होऊन ओट्यावर बसत, पण ठरलेली वेळ होईपर्यंत पाऊल उचलत नसत. वेळेआधी निघणं त्यांच्या लेखी उशिरा निघण्यापेक्षा वाईट. मागून पळत येणाऱ्या माणसाने काय करायचं, हा त्यांचा प्रश्न असे. आपण घरातले तिघेच आहोत, मागून कुणी येणार नाही, हे सांगून उपयोग नव्हता. कुठलीही वस्तू घ्यायची झाली की दुकानदाराला पहिला प्रश्न ठरलेला: "चालती कशी ते ऱ्हाऊ द्या. थांबती कशी ते सांगा." मिक्सर घेतानाही त्यांनी हेच विचारलं होतं.

त्यांची खरी ख्याती मला दारावर भाजी घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईकडून कळली. ती दुधनीकडची. अक्कलकोट-दुधनी रस्त्यावर काकांची गाडी वर्षानुवर्षं होती, आणि ती गाडी तापायची. इतर कुणाची तापत नसे, यांचीच तापे. कुठे बाभळीची दाट रांग, कुठे पडक्या नाक्याची भिंत, कुठे ओढ्यावरचा पूल, नेमकी अशा जागी तापे. मग काका बॉनेट उघडत, सगळ्या बाप्यांना पुढे बोलावून घेत, इंजिनात काय बिघडलंय ते जोरजोरात समजावून सांगत, आणि तेवढ्या वेळात बायका मागच्या मागे आडोशाला जाऊन येत. गाडी परत गार होई. भाजीवाली म्हणाली, "आमी तुमच्या काकाच्याच गाडीसाटनं थांबायचो. दुसरी रिकामी गेली तरी सोडायचो." गाडी सारखी तापते म्हणून त्यांना वरून मेमो आला होता. त्यांनी तो निमूट घेतला आणि खुलासा म्हणून लिहून दिलं की पाणी कमी पडतं.

मी हे कौतुकाने काकूंना सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "व्हय की. लोकाच्या बायकांसाटनं तापायची. मी कवा बसलेच न्हाय त्या गाडीत."

त्या बसल्या नव्हत्या, कारण त्या कुठेच जात नव्हत्या. लग्नानंतर दुधनीहून सोलापूरला आल्या त्या आल्याच. प्रवास म्हटला की आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद, हा त्यांच्याकडचा बायकांचा रिवाज. आईने केलं, आजीने केलं. खरं सांगायचं तर ऑफिसच्या कामाने तालुक्याला जायचं असलं की मीही हेच करते, आणि हे न करणारी एकही बाई माझ्या ओळखीत नाही. पण काकूंना ते बाधलं. एकदाच भर उन्हात अक्कलकोटला एका लग्नाला गेल्या, दिवसभर घोटभर पाणी न पिता परत आल्या, आणि रात्रीतून तापाने फणफणल्या. दवाखान्यात ठेवावं लागलं. मूत्रपिंडं थकली आहेत, आता असा कोरडा प्रवास पुन्हा करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. गुडघे तर आधीच गेलेले, खाली बसणं शक्य नव्हतं. रेल्वेने एकदा निघाल्या होत्या, तर होटगी यायच्या आतच संडासाची कडी लागेना आणि कुणीतरी बाहेरून दार उघडलं. त्याच गाडीतून होटगीला उतरून त्या रिक्षाने घरी परतल्या. त्यानंतर रेल्वेचं नाव काढायची सोय नव्हती.

एवढ्यात धारवाडच्या पुढे एका खेड्यात दिलेली त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळली. रोज सकाळी काकूंच्या मोबाइलवर तिचा आवाज येई. कानडीत दोनच शब्द: "यावाग बर्ती?" कधी येतेस. काकू तो निरोप दोनदा ऐकत आणि उत्तर न देता मोबाइल पिठाच्या डब्यावर उपडा ठेवत. मला वर जिन्यात ऐकू यायचं. दिवसेंदिवस तो आवाज बारीक होत चालला होता, आणि एखाद्या सकाळी तो आलाच नाही तर, या विचाराने तो येईपर्यंत मी जिन्यातच थांबायचे.

काकांनी यावर काय करावं? त्यांनी एका बेकरीची जुनी गाडी विकत घेतली. पुढे नाक असलेली, पाठीमागे बंद खोकं, खोक्यावर खारी आणि टोस्टचं उडालेलं चित्र. खोक्याची पुढची भिंत काढली, बाजूला खिडकी पाडली, आत एक बाकडं, गादी, पडदा, पंखा, पाण्याचं पिंप असं सगळं बसवलं. कितीही धुतली तरी गाडीला खारीचा वास येई आणि गल्लीतली पोरं टोस्ट मागायला मागे धावत. काकांनी काठीने टायर वाजवले आणि जाहीर केलं की आता फक्त संडास ठरायचा राहिलाय, तो ठरला की बायकोला आक्काकडे घेऊन जाणार.

तो ठरता ठरेना.

पहिल्यांदा ते मला नव्या पेठेत घेऊन गेले. काकू येणार नव्हत्या आणि बायकांच्या सोयीची वस्तू बाई सोबत नसताना घ्यायची नाही, असा त्यांचा नियम. प्लॅस्टिकच्या दुकानात आजारी माणसांसाठी भोक पाडलेली खुर्ची असते, खाली बादली. काकांनी तिच्याभोवती चक्कर मारली, चारही पाय वाजवले, आणि मग दुकानाच्या दारात, भर गर्दीत, तिच्यावर बसले. मला म्हणाले, मागून ढकला. मी म्हटलं, काका, लोक बघतायत. ते म्हणाले, रस्त्यात कुत्रं आडवं आलं की ब्रेक लागणार, तेव्हा ही बाई पुढे जाते का बादली पुढे जाते ते आत्ताच कळलं पाहिजे. मी डोळे मिटून ढकललं. खुर्ची काकांसकट साड्यांच्या पिशव्या घेतलेल्या दोन बायकांवर गेली. दुकानदार धावत आला आणि म्हणाला, "चाचा, ये घर में रखने की चीज है. गाडी में नक्को."

मग घडीचा. माझ्याच मोबाइलवरून मागवला. तीन पाय, वर गोल बैठक, खाली पिशवी अडकवायची, काम झालं की गाठ मारून टाकून द्यायची. हलका, स्वस्त, सुटसुटीत. काकांनी तो हातात धरून बराच वेळ विचार केला. पिशवी टाकायची कुठे, एवढाच प्रश्न त्यांना पडला. लोक टाकतात रस्त्याच्या कडेला, मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो डबा स्वतःच बांधून परत पाठवला. जन्मभर ज्या रस्त्यावर पोट भरलं तिथे ते पिशव्या फेकणार नव्हते. त्या खरेदीचा माझ्यापुरता परिणाम एवढाच झाला की पुढे कित्येक आठवडे मोबाइल उघडला की संडासांच्याच जाहिराती येत. एकदा ऑफिसात साहेबांना पॉलिसीचा तक्ता दाखवताना मध्येच एक पांढराशुभ्र कमोड आला. साहेबांनी माझा अडकलेला रजेचा अर्ज मात्र लगेच मंजूर केला.

शेवटी दोन टाक्यांचा सापडला. वरच्या टाकीत स्वच्छ पाणी आणि बैठक, खालच्या टाकीत सगळं साठणार, मध्ये सरकतं झाकण. खालच्या टाकीत औषध टाकलं की वास मरतो. टाकी भरली की बॅगेसारखी मुठीला धरून न्यायची आणि कुठल्याही संडासात रिकामी करायची. उंची काकूंच्या गुडघ्यांना बेताची. काकांनी चक्कर मारली, टोले दिले, आणि पहिल्यांदाच "चालंल" म्हणायच्या आधी हसले.

तरी चाचणी झालीच. खालच्या टाकीत त्यांनी पाणी भरलं, त्यात कपड्यांची नीळ कालवली, म्हणजे गळलं तर दिसेल, आणि मला मागे बाकड्यावर टाकीसमोर बसवून होटगी रस्त्यावर गाडी काढली. त्या रस्त्याला खड्ड्यांची ददात नाही. दर खड्ड्याला ते पुढून ओरडून विचारत, गळलं का, आणि मी दोन्ही हातांनी बाकडं धरून नाही म्हणत होते. खरं तर मला टाकीची भीती नव्हती. हे सगळं होईपर्यंत मोबाइलवरचा तो सकाळचा आवाज बंद पडेल, ही भीती होती. परतताना एका गतिरोधकावर टाकी उडाली आणि माझ्या साडीच्या काठावर निळा ठिपका आला. झाकणाचा वायसर बदलण्यात आणखी चार दिवस गेले. त्यांच्या चेंगटपणाचा मला इतका संताप आला होता की त्या चार दिवसांत मी त्यांच्याशी धड बोललेही नाही.

निघायचा दिवस ठरला. मीही जाणार होते, कारण काकूंनी तशी अट घातली होती. सकाळी खाली आले तेव्हा काका गाडीत स्टिअरिंगशी बसून वेळ व्हायची वाट बघत होते. स्वयंपाकघरात काकू दशम्या बांधत होत्या. ओट्यावर चहाचा कप साय धरून पडलेला. मी बघितलं, त्यांचे ओठ सुकले होते. बोलताना जीभ टाळ्याला चिकटत होती.

मी विचारलं, कधीपासून पाणी बंद केलंय. त्यांनी मान वळवली. एवढ्या खटाटोपाने ठेवलेली ती दोन टाक्यांची वस्तू गाडीत आहे आणि ही बाई कोरडीच निघालीय, म्हणजे धारवाडपर्यंत आपण आजारी माणूस घेऊन जाणार. मी त्यांचा हात धरून म्हटलं, काकू, आता काय अडचण आहे? सगळं तुमच्यासाठीच केलंय ना त्यांनी?

त्या हळूच म्हणाल्या, "ताई, त्यो डबा वतनार कोन?"

खुर्ची हलते का, पिशवी कुठे टाकायची, झाकण गळतं का, याचा दोन महिने काथ्याकूट चालला होता, आणि हा प्रश्न आमच्या दोघांच्याही मनात आला नव्हता. काकांना तो प्रश्नच वाटला नव्हता, ते ओतणार होते. काकूंना मात्र दुसरा काही प्रश्नच दिसत नव्हता.

मी बाहेर जाऊन काकांना सांगितलं. ते उतरून आत आले. काकू पाठ करून स्वच्छ ओटा पुन्हा पुसत होत्या.

"पानी पिलीस का?"

"तुमी व्हा म्होरं. आले मी."

"डबा मी वततो की. त्यात काय हाय?"

"तुमी माजी घान उचलायची. मी जित्ती आसताना." त्यांनी फडकं पाण्यात बुडवलं. "त्यापरास मी हितंच बरी."

काका म्हणाले, "दवाखान्यात माजी पिशवी कोन रिकामी करत हुतं? नर्सला हात लावू देत नव्हतीस."

"ते येगळं."

"कसं येगळं, ते सांग."

काकू पिळलेलं फडकं पुन्हा पिळत राहिल्या. ऑपरेशननंतर महिनाभर त्यांनी नवऱ्याची लघवीची पिशवी रिकामी केली होती आणि त्याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं, हे आता त्यांच्याच लक्षात येत होतं, पण पटत नव्हतं. काकांनी पुढे वाद घातला नाही. पेला भरून ओट्यावर ठेवला आणि ते बाहेर गेले. सुटायची वेळ टळून गेली होती. त्यांनी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही.

काकू गाडीत येऊन बसल्या. पेला ओट्यावर तसाच भरलेला राहिला.

विजापूरचा रस्ता लागला, भीमा मागे पडली, ऊन चढलं. खोक्यात खारीचा वास कोंदला होता. पडद्यामागे तो डबा पट्ट्यांनी आवळून बसवलेला, एक थेंब न हलता. काकू खिडकीला टेकून डोळे मिटून होत्या. त्या अधूनमधून पोटाशी हात नेत आणि पटकन काढून घेत. मी पाण्याची बाटली पुढे केली की नको म्हणून मान हलवत. परत फिरा म्हणावं का? पण परत फिरलो तर आक्का? मला काहीच ठरवता येईना. पुढे काका गाडी चालवत होते. आरशात त्यांची नजर काकूंवर जाई आणि रस्त्यावर परत येई.

बाभळींची एक दाट रांग आली आणि गाडी हळू झाली. कडेला घेऊन त्यांनी ती बंद केली.

"गाडी तापली," ते म्हणाले.

मी वाकून काटा बघितला. तो मध्यावर शांत उभा होता.

"म्याडम, पुढं या. बॉनेट धराया मानूस लागतंय."

मी उतरून पुढे गेले. बॉनेट काठीवर व्यवस्थित उभं राहिलं होतं, तरी मी ते धरून उभी राहिले. काका पाठ मागे करून इंजिनात वाकले आणि मोठमोठ्याने सांगू लागले: हा पट्टा, हा पंखा, इथून पाणी जातं, इथून येतं, आता हिला बराच वेळ लागणार, घाई करून चालायचं नाही. एकट्या मला ते सांगत होते, पण आवाज भरलेल्या एसटीतल्या बाप्यांना पुरेल एवढा होता. हातातल्या कॅनमधलं पाणी ते रेडिएटरला दाखवून मातीत ओतत होते. माझे तर कानच मागे लागले होते, आणि मागून काहीच ऐकू येत नव्हतं.

मग पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज आला.

काका आणखी जोराने बोलू लागले. सांगण्यासारखं संपलं तेव्हा पहिल्यापासून सुरुवात केली, हा पट्टा, हा पंखा. बऱ्याच वेळाने पुन्हा कड्या वाजल्या आणि खिडकीतून काकूंचा आवाज आला.

"झाली का गार?"

"व्हायलीय."

"मग मला हाय का घोटभर पानी, का सगळं गाडीलाच पाजलासा?"

काका तसेच इंजिनात वाकून राहिले. खांदे हलत होते. मी बाटली घेऊन मागे धावले. काकूंनी ती वर धरून गटागटा प्यायली, पाणी हनुवटीवरून पदरावर ओघळलं, आणि मी तिथेच रस्त्याकडेला उभी राहून रडले.

त्या दिवशी आमची गाडी संध्याकाळपर्यंत आणखी तीनदा तापली.

दिवे लागायच्या सुमाराला पोचलो. आक्का माजघरात खाटेवर होती, पाखराएवढी झालेली. बहिणीला बघून तिने "बंदी?" एवढंच म्हटलं, आलीस, आणि तिचा हात धरला तो सोडेना. मी खाटेच्या पायथ्याशी बसून राहिले.

खाटेसमोरच्या उघड्या दारातून परसातला संडास दिसत होता. थोड्या वेळाने काका तिकडे चाललेले दिसले. एका हातात खालची टाकी, मुठीला धरलेली, बाही कोपरापर्यंत वर केलेली. आक्काने मान उचलून कानडीत विचारलं. त्यातलं मला एवढंच कळलं की तुझा नवरा ते काय घेऊन चाललाय, असं ती विचारत होती.

काकूंनी हात हळूच सोडवून घेतला. कोपऱ्यातला तांब्या आणि साबणाची वडी उचलली. दाराशी जाऊन त्यांनी उत्तर दिलं ते मात्र मराठीत, मोठ्याने, परसात ऐकू जाईल असं.

"आमची गाडी लई तापती, आक्का. तिचं पानी बदलाया निगालेत," त्या म्हणाल्या, आणि काकांच्या हातावर पाणी घालायला मागोमाग गेल्या.